बंधपत्रावर मामाची सही

तहसील कचेरीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, वारसनोंद, उत्पन्नाचा दाखला, असलं सगळं. 'मी खाली सही करणार, राहणार अमुक, असे लिहून देतो की' हे वाक्य अठरा वर्षांत किती वेळा बडवलं असेल कुणास ठाऊक. बोटं आपोआप चालतात. डिसेंबर २०२४ मध्ये तेच वाक्य स्वतःच्या नावाने टाइप करायची वेळ आली, तेव्हा मात्र मी माझंच आडनाव दोनदा चुकवलं.

लिहून द्यायचं होतं ते असं, की माझा भाचा एक वर्ष माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली राहील, वर्तणूक चांगली ठेवील, बोलावलं की हजर होईल. आणि यात कसूर झाली तर पंधरा हजार रुपये मी सरकारजमा करीन.

भाच्याचं नाव, गाव, जिल्हा यातलं इथे काहीही येणार नाही. लाजेखातर नव्हे. लाज होती, ती पहिल्या दोन महिन्यांतच झिजली. पण बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलाची ओळख पटेल असं काही छापायला मनाई करतं, आणि मामाला त्यात सूट नाही. तेव्हा भाचा हा भाचाच.

ऑगस्टमध्ये पहाटे पावणेसहाला ताईचा फोन आला. "तू ये," एवढंच म्हणाली आणि ठेवला. ताई-दाजी माझ्या गावापासून दोन तासांवर, एमआयडीसीच्या कडेने वाढलेल्या वस्तीत राहतात. दाजी कंपनीत कंत्राटी, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. ताई ब्लाउज शिवते. पोरगं मार्चमध्ये दहावीला गणितात आणि विज्ञानात गेलं होतं, फेरपरीक्षेला बसलंच नाही. दिवसभर मोबाइल, संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी टोळकं. त्या टोळक्यातला एक एकोणीस वर्षांचा. तो, भाचा आणि भाच्याच्याच वयाचा आणखी एक, अशा तिघांनी रात्री दीड वाजता चौकातल्या मोबाइल दुकानाचं शटर कटावणीने उचकटलं. आठ मोबाइल, थोडे चार्जर, गल्ल्यातले अकराशे रुपये. समोरच्या मेडिकलचा कॅमेरा नेमका रस्त्याकडे तोंड करून होता. चारच्या आत तिघेही सापडले. भाच्याचं काम होतं शटर वर धरून ठेवायचं आणि रस्त्यावर नजर ठेवायची. "मी आत गेलोच नाही," असं तो आजही सांगतो. खरं आहे. पण त्याने शटर धरलं म्हणून बाकीचे आत गेले.

मी पोचलो तेव्हा एकोणीस वर्षांचा कोठडीत होता. ही दोघं पोरं बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या खोलीत बाकड्यावर. अधिकारी साध्या शर्टात. बेडी नाही, कोठडी नाही. चोवीस तासांच्या आत यांना बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं, असं त्याने सांगितलं आणि एक छापील फॉर्म पुढे सरकवला: मुलाची सामाजिक पार्श्वभूमी. घरात कोण कोण, शिक्षण किती, व्यसन काय, शाळा का सुटली. वरच्या ओळीत भाच्याला नाव होतं 'विधीसंघर्षग्रस्त बालक'. आरोपी नाही, गुन्हेगार नाही. मी दिवसभर सरकारी मराठीत लोळणारा माणूस, तरी तो शब्द मला दोनदा वाचावा लागला. ताईने विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, "कायद्याशी भांडण झालेलं पोरगं." ती म्हणाली, "भांडण कुठं, चोरी केलीय मेल्याने."

फाटकाबाहेर एक वकील गाठ पडले. त्यांनी विचारलं, वय किती? सोळा पूर्ण, दोन महिने वर. त्यांनी मान हलवली. "रात्रीची घरफोडी. नव्या भारतीय न्याय संहितेत चौदा वर्षांपर्यंत आहे. सोळाच्या वर असेल तर मोठ्यांसारखी केस चालते." आणि चाळीस हजार सांगितले, निम्मे आधी.

ते दोन दिवस आमचे जन्मतारखेत गेले. शाळेच्या दाखल्यावर भाच्याची तारीख १ जून २००८. आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र एक जूनला जन्मतो हे सगळ्यांना माहीत आहे. पहिलीत नाव घालायला पोराला सहा वर्षं पुरी दाखवायची म्हणून गुरुजी ती तारीख टाकतात. भाचा खरा जन्मला दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी तो खरा पंधराचा, कागदावर सोळाचा. मी गावी जाऊन ग्रामपंचायतीची जन्मनोंद शोधायला लागलो. तेव्हा कळलं की कायदा आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर हाडांची तपासणी. दाखला हातात असताना नोंदवही दुय्यम. दहा वर्षांपूर्वी शाळेत नाव घालायला मीच गेलो होतो. गुरुजींनी "एक जून टाकू ना?" विचारल्यावर "टाका" म्हणणारा मीच.

ही सगळी धावपळ फुकट होती, हे तिसऱ्या दिवशी विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकीलबाईंनी सांगितलं. फी शून्य, असल्या मुलाला मोफत वकील मिळतो हे पोलीस ठाण्याच्या फाटकावर कुणी सांगत नाही. त्यांनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर तीन चौकटी काढल्या. किरकोळ, गंभीर, अतिगंभीर. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा असेल तो गुन्हा किरकोळ. अतिगंभीर कुठला? ज्याला कमीत कमी सात वर्षं शिक्षा लिहिलेली आहे तो. "जास्तीत जास्त किती ते बघू नका," त्या म्हणाल्या, "कमीत कमी किती ते बघा." रात्रीच्या घरफोडीला चौदापर्यंत आहे, पण कमीत कमीचा आकडा तेवढा नाही. असा गुन्हा मधल्या चौकटीत. यावर पूर्वी वाद होता, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात तो निकाली काढला आणि २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहून टाकलं.

मोठ्यांसारखी केस चालवायचा प्रश्न येतो तो फक्त तिसऱ्या चौकटीत, आणि तोही सोळा ते अठरा वयातल्यांचा. तिथेही थेट नाही. आधी मंडळ मानसतज्ज्ञांची मदत घेऊन बघतं की मुलाची असा गुन्हा करायची शारीरिक-मानसिक कुवत होती का, परिणाम त्याला कळत होते का, परिस्थिती काय होती. मग ठरलं तर बाल न्यायालयाकडे. तिथेही फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. हा सोळा-अठराचा भाग २०१५ च्या कायद्यात आला, दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर. त्या प्रकरणातल्या अल्पवयीन मुलाला तेव्हाच्या कायद्याने तीन वर्षांच्या वर ठेवता येत नव्हतं, त्यावरून देश पेटला होता. हे सगळं मी पेपरात वाचलेलं होतं. तेव्हा मीही चहाच्या टपरीवर "असल्यांना फासावर लटकवा" म्हणणाऱ्यांतलाच होतो.

आमचा गुन्हा मधल्या चौकटीत म्हटल्यावर जून आणि नोव्हेंबर दोन्ही सारखेच. ताईने तिथेच पदराने डोळे पुसले. चाळीस हजार वाचले याचा आनंद मला आधी झाला, हे कबूल करतो.

मंडळ न्यायालयाच्या इमारतीत बसत नाही. आमच्याकडे निरीक्षणगृहाच्याच आवारातल्या एका खोलीत बसतं. लोक अजून 'रिमांड होम'च म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. खोलीत उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. एक लांब टेबल, पलीकडे तीन खुर्च्या: मधे प्रधान दंडाधिकारी, दोन बाजूंना दोन समाजकार्यकर्ते सदस्य. त्यातली एक तरी बाई असावीच लागते. अलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या. पहिल्या दिवशी भाच्याला बसायला सांगितलं तर तो बसेना. शाळेत ऑफिसात बोलावल्यावर उभं राहायची सवय.

जामीन पहिल्याच दिवशी मिळेल असं वाटलं होतं. मुलांच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे बघायचंच नसतं, सोडणं हाच नियम. पण सुटल्यावर मूल पुन्हा गुन्हेगारांच्या संगतीत पडेल असं वाटलं तर मंडळ नाकारू शकतं. पोलिसांनी सांगितलं की एकोणीस वर्षांच्याचा थोरला भाऊ त्याच गल्लीत राहतो, त्याच्यावर तीन गुन्हे आहेत. जामीन नाकारला. भाचा नऊ दिवस आत.

रविवारी भेटायला गेलो. केस बारीक कापलेले, अंगात कुणाचा तरी मोठा टी-शर्ट, खांद्याची शिवण कोपरापर्यंत. ताईने डब्यातून शेंगदाण्याचे लाडू नेले होते, ते फाटकावरच ठेवून घेतले. पंधरा मिनिटं. भाचा म्हणाला, "मामा, इथं रात्री लाइट बंद करत नाहीत." बाकी काही बोलला नाही. त्याच्या शेजारच्या बाकड्यावर तो दुसरा, शटरवाल्या रात्रीचा, एकटाच बसला होता. त्याला भेटायला कोणी आलेलं नव्हतं, पण भाच्याबरोबर बाहेर येऊन बसायला परवानगी घेतली होती म्हणे.

दहाव्या दिवशी वकीलबाईंनी नवा अर्ज दिला: गल्लीत नको ना, मग दोन तासांवर मामा आहे. माझं दुकान, माझं घर, माझी शॉप अॅक्टची पावती, लाइटबिल, सगळं मीच झेरॉक्स मारून नेलं. जामीन झाला. त्या संध्याकाळी एसटीच्या खिडकीत बसून भाचा दोन तास झोपला.

शेजारपाजारी बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. आणि २०२४ चं ते साल. मे महिन्यात पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले, आणि जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्यावरून सगळा महाराष्ट्र खवळला होता. कटिंग करायला गेलो तर न्हावी म्हणतो, "भाच्याला निबंध मिळाला का हो?" मी हसलो. हसण्यावारी नेण्याशिवाय काय करणार. पण दुकानावर येणाऱ्या चार लोकांना मी नंतर हे समजावून सांगितलं, की तो निबंध शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. शिक्षा, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'आदेश', चौकशी संपल्यावर येतो. त्यांना ते पटलं असं वाटत नाही.

त्या आदेशाआधी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, येतात. सगळे त्यांना पीओ मॅडम म्हणत. हजर केल्यापासून पंधरा दिवसांत त्यांना मुलाचा सामाजिक चौकशी अहवाल द्यायचा असतो. त्या आधी ताईकडे जाऊन आल्या, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं पोरगं कसं आहे ते विचारतील. त्यांनी मला विचारलं, घरात सकाळी आधी कोण उठतं? दुकानाचा गल्ला रात्री कुठे असतो? तुम्ही घेता का? किती? कोणाबरोबर? बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी म्हटलं, महिन्यातून एकदा. बायको म्हणाली, "दोनदा." मॅडमनी दोनदा लिहिलं. मग बायकोला वेगळं बसवून विचारलं की भाचा वर्षभर घरात राहणं तिला चालेल का; माझ्या देखत 'हो' म्हणणं वेगळं. आमच्या घरात एकच खोली आणि स्वयंपाकघर, दोन मुली. बायको काय बोलली ते मला अजून माहीत नाही. अहवालात एवढंच आलं की 'मामी राजी, मुलाची झोपण्याची सोय दुकानाच्या पोटमाळ्यावर'.

पोटमाळ्यावर पत्रा तापतो म्हणून मॅडमनी पंखा लावायला सांगितलं. लावला.

चौकशी पुढे चार महिन्यांत उरकायची असते. आमची उरकली, पण मधल्या तीन तारखा नुसत्याच गेल्या. एकदा दंडाधिकारी रजेवर, एकदा पंच आला नाही, एकदा कोणता तरी कागद यायचा होता. दर वेळी एसटीचं दोघांचं भाडं आणि दुकान बंद. मोबाइल दुकानदार साक्षीला आला तेव्हा आमच्याच बाकड्यावर बसला, दुसरी जागाच नव्हती. माणूस साधा. मोबाइल त्याला परत मिळाले होते. म्हणाला, "शटर दुरुस्तीला साडेचार हजार गेले हो, ते कुणाला मागू?" मी वकीलबाईंना विचारलं. मंडळ दंड करू शकतं, पण दंड सरकारात जातो. मंडळ काय काय आदेश देऊ शकतं त्या यादीत शटरचं कुठेच काही नव्हतं. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. ते पैसे मी त्याला नंतर दिले आणि भाच्याला आठवड्याला जो हातखर्च देत होतो त्यातून वर्षभर कापले. आदेशात नसलेली ही एवढी एकच शिक्षा, मामाच्या अधिकारातली.

आदेशाच्या दिवशी वकीलबाईंनी आम्हाला आधीच बाहेर कट्ट्यावर बसवून कलम १८ वाचून दाखवलं. मुलाने गुन्हा केल्याचं ठरलं तर मंडळापुढे काय काय वाटा असतात ते. सगळ्यात हलकी म्हणजे समज देऊन, पालकांचं समुपदेशन करून घरी पाठवणं. मग गटसमुपदेशन. मग देखरेखीखाली समाजसेवा. नियमांत त्याची उदाहरणंच दिलेली आहेत, बागेची निगा, म्हाताऱ्यांची सेवा, दवाखान्यात मदत, वाहतुकीला हातभार. मग दंड, मुलाला किंवा त्याच्या आईबापाला. मग चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर परिविक्षा, म्हणजे कोंडून न ठेवता देखरेखीखाली सोडणं, पालकाच्या किंवा 'योग्य व्यक्ती'च्या ताब्यात, बंधपत्र घेऊन. मग तीच परिविक्षा पण एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत. आणि शेवटी विशेष गृह, म्हणजे आदेशानंतर अशा मुलांना ठेवायची संस्था, जास्तीत जास्त तीन वर्षं. या कुठल्याही आदेशाला जोडून शाळेत जा, काम शीक, व्यसनमुक्तीला जा, अमुक जागी फिरकू नकोस, अशा अटी घालता येतात.

"यातलं आपल्याला काय मिळेल?" ताईने विचारलं. वकीलबाई म्हणाल्या, "घरी कोण आहे त्यावर."

तेव्हा मी ते पुढच्या धावपळीत विसरलो. आत गेल्यावर ध्यानात आलं.

आत भाच्याने सगळं सांगितलं, शटर धरलं तेही. बाई सदस्यांनी त्याला विचारलं, "दुकान कुणाचं होतं माहीत होतं?" तो म्हणाला, हो, तिथेच मोबाइलची काच बदलून घेतली होती. "तेव्हा त्यांनी किती घेतले?" "सहाशे. नंतर पन्नास परत दिले." यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. दंडाची गोष्ट निघाली तेव्हा दाजी पुढे होऊन म्हणाले, भरतो साहेब, हप्त्याने भरतो. मंडळाने दंड केला नाही. बापाने रात्रपाळ्या वाढवल्या तर पोराकडे बघायला आणखीच कोणी राहणार नाही, असं दुसऱ्या सदस्यांचं म्हणणं होतं.

ठरलं ते असं: एक वर्ष परिविक्षा, माझ्या ताब्यात. दर शनिवारी चार तास आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काम. महिन्यातून दोनदा गटसमुपदेशन. दहावीचे दोन विषय देणं. त्या वस्तीत, आईबापांना भेटायचं असलं तरी, रात्री थांबायचं नाही.

त्याच टेबलावर, अर्ध्या तासाने, त्या दुसऱ्याचा आदेश झाला. भाच्यापेक्षा तो काही महिन्यांनी मोठा. आई नाही. बाप ऊसतोडीला गेला तो कुठल्या कारखान्यावर आहे ते माहीत नाही, फोन बंद. आजीकडे राहायचा, तिला जिना उतरवत नव्हता. जामीन त्यालाही मिळाला होता. सात दिवसांत अट पुरी करता आली नाही म्हणून मंडळाने अट सोपीही करून दिली. पण न्यायला कोण येणार? पीओ मॅडमनी दोन संस्थांना फोन लावले होते, दोघांकडे एवढ्या मोठ्या मुलाला जागा नव्हती. यादीतल्या वरच्या वाटा एकेक करून मिटत गेल्या आणि खालची उरली. विशेष गृह, एक वर्ष. शटर तेच, रात्र तीच. भाच्याने शटर धरलं होतं, याने मोबाइल पिशवीत भरले होते, एवढा फरक होता. पण आदेशात तो फरक कुठेच लिहिलेला नव्हता. लिहिलं होतं, 'मुलाचा ताबा घेण्यास सक्षम व्यक्ती उपलब्ध नाही.'

मी तिथेच बाहेर येऊन बंधपत्र टाइप केलं, कोपऱ्यावरच्या दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या कीबोर्डवर. आडनाव चुकलं ते तिथे.

वर्षाचं सगळं सांगत बसत नाही. रुग्णालयात भाचा केसपेपरच्या खिडकीजवळ रांग लावायचा, व्हीलचेअर ढकलायचा. पहिले दोन महिने तो मागे पाण्याच्या टाकीआड मोबाइल बघत बसायचा. तिथल्या मावशींनी मला फोन करून सांगितलं. मी ओरडलो, मग मावशींनीच त्याला एक्स-रेच्या दारावर उभा केला, जिथे टाकी दिसत नाही. मार्चमध्ये विज्ञान सुटलं, गणितही पस्तीसवर सुटलं. जूनमध्ये आयटीआयला इलेक्ट्रिशियनला नंबर लागला. फॉर्म मीच भरला. भाच्याची भीती एकच, 'गुन्हा सिद्ध झाला आहे का' असा रकाना कधी आला तर? वकीलबाईंनी सांगितलं होतं की कलम २४ प्रमाणे असल्या आदेशामुळे मुलाला कशालाही अपात्र ठरवता येत नाही आणि नोंदीही मुदत संपल्यावर नष्ट करायच्या असतात. पण ते घडलं जूनमध्ये. त्याआधी एप्रिल.

एप्रिलात एका शुक्रवारी तो आयटीआयची माहिती काढायला म्हणून गेला आणि रात्री आला नाही. फोन बंद. बायको दारात, मी स्टँडवर. सकाळी पहिल्या एसटीने उतरला. अंगाला हळद लागलेली. जुन्या वस्तीतल्या मित्राच्या भावाची हळद होती, नाचला, तिथेच झोपला. दारू नाही, मारामारी नाही, काही नाही. फक्त अट मोडली.

आता खरी पंचाईत माझी. पीओ मॅडमचा महिन्याचा रिपोर्ट चार दिवसांवर. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काही झालं तर लपवू नका, अट मोडली की मंडळापुढे पुन्हा उभं राहावं लागेल. पण न सांगितलं तर कळणार कुणाला? ताई फोनवर रडून म्हणाली, "तू सख्खा मामा आहेस का पोलीस?" बायको काही म्हणाली नाही. माझे पंधरा हजार मला दिसत होते, हेही खोटं कशाला सांगू. जागा राहिलो ती रात्र वाईट होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिऱ्हाईक गेल्यावर मी पत्र टाइप करायला घेतलं. 'महोदया, दिनांक १० एप्रिल रोजी रात्री...' भाचा पोटमाळ्यावरून उतरून मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं आता हात धरतो की काय. स्क्रीनकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, दहा नव्हती. अकरा होती." मी कॅलेंडर बघितलं. अकराच होती.

मी आकडा सुधारला, प्रिंट काढली, त्याने खाली सही केली. मंडळाने बोलावलं, दोघांनाही बरंच सुनावलं, त्याला जास्त मला कमी, आणि शनिवारचे चार तास सहा केले. बंधपत्र तसंच ठेवलं. ताई माझ्याशी गणपतीपर्यंत बोलत नव्हती.

डिसेंबर २०२५ मध्ये वर्ष पुरं झालं. पीओ मॅडमचा शेवटचा अहवाल गेला, मंडळाने प्रकरण बंद केलं. आमचा नंबर आल्यापासून बाहेर पडेपर्यंत मी घड्याळ बघितलं, सात मिनिटं लागली.

बाहेर कडुनिंबाच्या पाराखाली तो दुसरा उभा होता. त्याचंही वर्ष त्याच आठवड्यात संपलं होतं. अंगाने भरला होता, मिशी आली होती. अठरा झाले म्हणाला. आत सुतारकाम शिकला, हाताच्या बोटाला पट्टी. हातात प्लास्टिकची पिशवी आणि चार कागद. भाच्याशी दोन शब्द बोलला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमच्या दुकानात आधारचे फॉर्म भरून देता ना? फर्निचरवाला ठेवून घेतो म्हणाला, पण आधारवर पत्ता आजीच्या खोलीचा आहे. खोली आता दुसऱ्याला दिली." मी विचारलं, आजी? त्याने मान हलवली.

"मग पत्ता कुठला टाकू?" तो म्हणाला.

मी त्याचे कागद हातात घेतले आणि सवयीने पहिल्या पानावरून बोट फिरवू लागलो. नाव, जन्मतारीख, १ जून. भाच्याने माझ्या खिशातलं पेन काढून त्याच्या पिशवीवर दुकानाचा नंबर लिहिला. प्लास्टिकवर शाई टिकेना, म्हणून मग कागदाच्या मागे लिहिला.

"रविवारी बंद असतं," तो त्याला म्हणाला. "सोमवारी ये. दहाला उघडतो आम्ही."